चार पिनांचं कुलूप

प्रश्न तिने अगदी सहज विचारला होता. मी बोलत होते, ती ऐकत होती. तिच्या हातात कुलपातून काढलेला पितळी गोल होता आणि बोटांवर ग्रीसचा काळपट डाग. कुलपातल्या पिनांची युक्ती हजारो वर्षं जुनी आहे, प्राचीन इजिप्तमध्ये दारांना लाकडी कुलपं असत, किल्लीही लाकडाचीच आणि दिसायला भल्यामोठ्या टूथब्रशसारखी, असं काहीबाही मी रंगवून सांगत होते. सांगताना मला मजा येत होती. आवाज जरा चढला होता, शब्द सुटे सुटे पडायला लागले होते. ‘समजावून सांगण्याचा’ म्हणून माझा एक आवाज आहे, तो मला स्वतःला कधीच वेळेवर ऐकू येत नाही. तिने मान वर केली आणि विचारलं, "आई, हे अभ्यासाचं आहे की खरं?"

मी म्हटलं, "खरंच आहे की!" ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा खाली बघायला लागली. चार दिवसांनी कुलपांचा पत्र्याचा डबा पलंगाखाली गेला. कुणी सरकवला, कधी सरकवला, मी पाहिलं नाही. केर काढताना झाडू त्याला लागला आणि आत खण्णकन आवाज झाला, तेव्हा कळलं.

भांडण नाही, रडणं नाही, कंटाळा आल्याची तक्रारही नाही. पाच महिने ज्या गोष्टीने घर व्यापलं होतं, ती फक्त थांबली.

तेव्हा ती आठ वर्षांची होती. शाळेत घालायचं नाही, घरीच शिकू द्यायचं हे आमचं आधीच ठरलेलं होतं. त्या निर्णयाची कहाणी पुन्हा सांगत बसत नाही. या वाटेने जाणाऱ्या सगळ्यांची ती थोड्याफार फरकाने सारखीच असते. कुलपांचं वेड मात्र आमचं खास होतं. किल्ली हरवलेलं एक जुनं कुलूप अडगळीत पडलं होतं. ते हलवलं की आत काहीतरी किणकिणायचं. ती ते कानाशी धरून बसायची. "आत कुणीतरी सुटं झालंय," असं तिने जाहीर केलं. मग घरातली झाडून सगळी कुलपं जमा झाली. सुटकेसची चिमुकली कुलपं, सायकलचं आकड्यांचं कुलूप, कशाच्या आहेत ते कुणालाच आठवत नाही अशा किल्ल्यांची एक जुडी. ती किल्ल्या कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवायची. दातांची नक्षी उमटली की तिला डोंगर दिसायचे. एका किल्लीला तिने ‘उतरणीची’ असं नाव दिलं होतं, कारण तिच्या खाचा टोकाकडे खोल खोल होत गेल्या होत्या. हाताला सारखा पितळेचा वास. तो कितीही धुतलं तरी लवकर जात नाही, हे मला त्या काळात कळलं.

मग दाराचं एक काढून टाकलेलं कुलूप तिला मिळालं, आणि एका दुपारी तिने आणि तिच्या बाबाने ते उघडलं. मागची क्लिप काढली, आतला गोल हळूच बाहेर ढकलला आणि पुढच्याच क्षणी टिक् टिक् टिक् करत स्प्रिंगा नि पिना फरशीवर. दोघंही पोटावर झोपून कपाटाखाली बॅटरी मारत होते. पाचांतल्या चारच स्प्रिंगा सापडल्या. पिना सगळ्या मिळाल्या. पाच जोड्या. प्रत्येक जोडीत वरची एक, खालची एक, आणि खालच्या पिना एकमेकींपेक्षा कमीजास्त उंचीच्या. तिने त्या वहीवर ओळीने मांडल्या आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं नाही, पण बाहेरचं ऊन भिंतीवरून खाली उतरून तिच्या पायाशी आलं होतं.

मला कुलूप म्हणजे काय हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते तिच्याकडून कळलं. मी चाळिशीला टेकलेली बाई, रोज कुलूप लावते, काढते. माझी समजूत होती की किल्ली आत जाऊन काहीतरी ढकलते आणि दार उघडतं. तसं नसतं. किल्ली नसताना स्प्रिंग वरच्या पिनांना खाली दाबते, त्या अर्ध्या आतल्या गोलात आणि अर्ध्या बाहेरच्या घरात अडकून राहतात, म्हणून गोल फिरत नाही. योग्य किल्ली घातली की तिच्या खाचांप्रमाणे प्रत्येक जोडी नेमकी तेवढीच उचलली जाते आणि पाचही जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात. कमी उचलली तर वरची पिन आड येते, जास्त उचलली तर खालची. लेकीने हे सगळं एका वाक्यात सांगितलं, "किल्ली उघडत नाही गं, किल्ली फक्त सगळ्यांना रांगेत उभं करते. उघडतो आपला हात."

(इथे मनाची कुलपं, ज्ञानाच्या किल्ल्या वगैरे लिहायचा मोह होतो. आवरते.)

पाचवी स्प्रिंग नव्हती, म्हणून तिने पाचवी जोडी लावलीच नाही. भोक रिकामं ठेवून कुलूप पुन्हा जोडलं. किल्ली फिरली. मग तिच्या डोक्यात आलं की पाचव्या खाचेचं आता काही कामच उरलं नाही. बाबाच्या कानशीने तिने किल्लीच्या टोकाकडची ती जागा घासून सपाट केली. त्यात अख्खी संध्याकाळ गेली, दात शिवशिवणारा तो आवाज घरभर. तरीही किल्ली फिरली! त्या ‘खट्’ आवाजावर तिने जी उडी मारली ती मला अजून दिसते. रात्री जेवताना तिने विचारलं, एका पिनेच्या किती उंच्या असू शकतात? मी म्हटलं, समज सहा. मग ताट बाजूला सरकवून हिशोब सुरू झाला. एका पिनेच्या सहा किल्ल्या. दोन पिनांच्या प्रत्येक सहासाठी पुन्हा सहा, म्हणजे 36. तिसरीला 216. सहाचा पाढा तिला धड येत नव्हता, ती बेरजा करत होती, चुकत होती, खोडत होती. चार पिनांना 1,296. पाचांना 7,776. मग थोडा वेळ गप्प. आणि मग, "म्हणजे आपली एक पिन गेली तर आता हे कुलूप सहा किल्ल्यांनी उघडेल. आधी एकीचं होतं, आता सहा जणींचं झालं."

खरं सांगू? त्या क्षणी मला काय वाटलं ते फार देखणं नाही. आनंद झालाच. पण आनंदाच्या अगदी पाठोपाठ, त्याचा पदर धरून, दुसरं काहीतरी आलं. हे कुणाला सांगता येईल, असं वाटलं.

मूल शाळेत जात नाही म्हटलं की लोक एक ठरलेला प्रश्न विचारतात, "मग सध्या काय चाललंय?" शाळेत जाणाऱ्या मुलाची आई ‘तिसरी’ म्हणते आणि सुटते. मी म्हणायचे, "कुलपं." त्यानंतर जी शांतता पडते ती मी इतक्यांदा ऐकली आहे की आता तिचे प्रकारही मला ओळखू येतात. कौतुकाची असते, कीव करणारी असते, आणि एक ‘मोठी होऊन घरं फोडणार की काय’ असा विनोद जुळवण्यात गेलेली असते. तिची आजी तर सरळ विचारते, "बाकी सगळं ठीक, पण पाढे?" म्हणून हिशोबाचा तो कागद मी जपून ठेवला. तारीख घातली. दुसऱ्या दिवशी एक छान जाड वही आणली आणि आत रकाने आखले. गणित, इतिहास, विज्ञान, भाषा. कुलूप हा विषय चारही रकान्यांत कसा बसतो ते बघून मी हरखले. सांगणार काय, इतकं सापडत होतं! जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने आपलं कुलूप 1790 मध्ये लंडनच्या दुकानाच्या खिडकीत ठेवलं आणि उघडून दाखवणाऱ्याला 200 गिनी देण्याचं आव्हान दिलं. ते साठ वर्षं कुणी उघडू शकलं नाही. मग 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज आला आणि 16 दिवसांत मिळून 51 तास झटून त्याने ते उघडलं. केवढी खळबळ माजली असेल! कुलपं कशी उघडतात ते उघड सांगितलं तर चोरांचं फावेल, अशी ओरड झाली. तर त्यावर उत्तर असं की चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात असतात ते कुलपं विकत घेणारे. इतिहास झाला, नीतिशास्त्र झालं, वादविवाद झाला. मी रकाने भरत होते. हॉब्जची गोष्ट सांगितली तेव्हा तिने विचारलं की 51 तास त्याने खाल्लं काय? मी तिला पुन्हा मुद्द्यावर आणलं.

मुद्दा माझा होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

डबा पलंगाखाली गेल्यावर मी बरंच वाचलं. अपराध्यासारखं वाटायला लागलं की मी वाचते, ही जुनी सवय. त्यात 1973 चा एक प्रयोग पुन्हा सामोरा आला. आधी कधीतरी वाचून मान डोलावून सोडून दिला होता. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी बालवाडीतली, मुळात चित्रं काढायची हौस असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्रं काढलीत तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन वर्गात नुसते ठेवले, तेव्हा आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र शाबूत होती. मी लेकीला बक्षीस कधीच कबूल केलं नव्हतं. पण माझा चेहरा? रकाना भरला की माझ्या चेहऱ्यावर जे यायचं, ते तिला आधीपासून दिसत असणार. मुलांना आपला चेहरा पाठ असतो.

दुसरी गोष्ट मारिया माँटेसरीची. रोममध्ये 1907 साली तिने पहिलं बालगृह सुरू केलं, तिथल्या एका तीनेक वर्षांच्या मुलीची. ती लाकडाचे लहानमोठे दट्टे त्यांच्या त्यांच्या खोबणीत बसवत होती. सगळे बसवायचे, काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे. माँटेसरीने तिचं लक्ष उडवायचा मुद्दाम प्रयत्न केला, बाकीच्या मुलांना गायला, फिरायला लावलं. शेवटी मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. मुलीने दट्टे मांडीवर सावरून धरले आणि काम चालूच ठेवलं. चाळीसहून जास्त वेळा. मग आपणहून थांबली आणि झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे बघून हसली. या गोष्टीत मुलीचं कौतुक सगळे करतात. मला मात्र त्या बाईचं नवल वाटतं. ती मोजत होती. चाळीस वेळा मोजेपर्यंत गप्प राहिली. मी पाचव्या खेपेला दट्ट्याचा व्यास काढायला सांगितला असता.

माझं स्वतःचं लहानपण आठवून बघितलं. मला आरशाने कवडसा पाडायचा नाद होता. सुट्टीच्या दुपारी सगळे झोपले की मी हातात मावेल असा एक आरसा घेऊन खिडकीशी बसायची. आढ्यावर तो उजेडाचा तुकडा थरथरत राहायचा, कारण हात थरथरायचा. त्याला कोळ्याच्या जाळ्यावर न्यायचं, घड्याळाच्या काचेवर न्यायचं, तिथून त्याचं फिकट पिल्लू समोरच्या भिंतीवर उडायचं. दुसरा आरसा खुर्चीवर टेकवून कवडसा कोपऱ्यातून वळवून पुढच्या खोलीत पाठवायचा, हा एका उन्हाळ्याचा सगळा उद्योग. कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही. पुढे शाळेत बाईंनी फळ्यावर आपाती कोन आणि परावर्तित कोन समान असतात म्हणून आकृती काढली, तेव्हा माझ्या मनगटाला ते आधीच ठाऊक होतं. पण हेही खरं की मनगटाकडे त्याला नाव नव्हतं. नाव फळ्यावरून आलं. म्हणून कुणी शाळेला सरसकट नावं ठेवायला लागलं की मला ते पटत नाही. आणि त्या उन्हाळ्यात बाईंनी येऊन माझ्या हातात कोनमापक दिला असता तर, याचाही विचार करवत नाही.

मुलाच्या कलाने शिकू द्यायचं म्हणजे काय, हे तोंडाने सांगायला सोपं आहे. जॉन होल्टने 1977 मध्ये आपल्या नियतकालिकातून ‘अनस्कूलिंग’ हा शब्द रूढ केला, तेव्हा त्याचा अर्थ मुलांना शाळेत न पाठवणं एवढाच होता. पुढे त्याला मुलाच्या मागून जाण्याचा अर्थ चिकटला. होल्ट स्वतः शिक्षक होता, वर्गात वर्षानुवर्षं उभा राहिलेला, त्यामुळे त्याचं मी ऐकते. पण या वाटेवरचे काही लोक असं बोलतात की मूल जणू नकाशा घेऊनच जन्माला येतं आणि आपण फक्त रस्त्यातून बाजूला व्हायचं. माझा तेवढा विश्वास बसत नाही. अडगळीत ते कुलूप पडलेलं नसतं तर? कानस हाताशी नसती, बाबाला त्या दुपारी कामाला जायचं असतं तर? कल आकाशातून पडत नाही. घरात काय पसरलेलं आहे, कुणाला किती सवड आहे, मोठी माणसं स्वतः कशात रमलेली दिसतात, यांवर तो पुष्कळ ठरतो. आणि ज्याकडे कल वळतच नाही त्याचं काय करायचं? माझ्याकडे याचं स्वच्छ उत्तर नाही. आमच्याकडे रोज वीस मिनिटं शुद्धलेखन आणि पाढे होतात. तिला ते आवडत नाहीत, मी ते करून घेते, दोघींचीही तोंडं वाकडी असतात. कट्टर मंडळींना हे पटायचं नाही. पण त्या वीस मिनिटांत एक गोष्ट बरी असते, आम्ही दोघीही त्याला अभ्यासच म्हणतो. त्यात फसवणूक नसते.

फसवणूक कुलपांच्या बाबतीत झाली होती. तिच्या खेळात मी शाळा चोरून आणली, आणि वर म्हटलं, "खरंच आहे की!"

एक सांगायचं राहिलं. ती पाचवी स्प्रिंग मला सापडली होती. कुलूप उघडलं त्याच आठवड्यात, पडद्याच्या दुमडीत. अर्ध्या नखाएवढी, केसासारखी बारीक. लगेच तिला द्यायला हवी होती. मी ती काचेच्या छोट्या बाटलीत घालून माझ्या खणात ठेवली. विचार असा, की चार पिनांचा हिशोब पक्का झाला की मग योग्य वेळी ही बाहेर काढायची आणि तिच्याकडून पाचव्या पिनेने नेमका काय फरक पडतो ते वदवून घ्यायचं. योग्य वेळ! ती बाटली पाच महिने खणात होती, आणि मी स्वतःला मुलाच्या मागून चालणारी आई म्हणवून घेत होते.

डबा दीड महिना पलंगाखाली राहिला. मधल्या काळात तिचं गोगलगायींचं काहीतरी चालू झालं होतं. मी त्यात पडले नाही, वही काढली नाही, दोनदा जीभ चावली. एका रात्री झोप येईना म्हणून मीच तो डबा ओढला. मला बघायचं होतं की मला जमतं का. कुलूप सुटं केलं आणि पुन्हा जोडायला बसले. नाही जमलं. एकेका भोकात स्प्रिंग घाला, तिच्यावर पिन घाला, चिमट्याने दाबून धरा, तेवढ्यात आधीची टुणकन उडते. बोटं घामेजली. शेजारच्या खोलीतला पंखा, माझा श्वास, आणि पिन फरशीवर पडल्याचा तो किनरा आवाज, एवढंच. तास-दीड तास गेला असेल. त्या तासाभरात मला इजिप्त आठवलं नाही, हॉब्ज आठवला नाही, सहाचा पाढा तर नाहीच.

दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला उठली आणि दारात उभी राहिली. मी वर पाहिलं नाही. तसं ठरवून नव्हे, पाहिलं असतं तर पिन उडाली असती. ती येऊन शेजारी बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू गोल एकदम बाहेर काढतेस, म्हणून उडतात. मागून काहीतरी त्याच्याच जाडीचं सरकवत न्यायचं असतं." पेन्सिल बारीक होती. शेवटी तिच्याच रंगपेटीतल्या एका जाड खडूला कागद गुंडाळून तिने तो सरकवला. एक, दोन, तीन, चार. बाबाने शिकवलं होतं का, की तिने स्वतः शोधलं, मी विचारलं नाही. किल्ली घातली. खट्.

मग मी खणातून ती बाटली आणली आणि तिच्यासमोर ठेवली. कुठे सापडली ते सांगितलं, कधी सापडली तेही सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने बाटली दिव्यासमोर धरली, हलवली, आतली स्प्रिंग काचेला चिकटून बसली होती ती झटकून खाली पाडली.

"लावू या?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "हे आता चारचंच आहे." बाटली मात्र तिने नेली. झाकण काढून आत ओल्या मातीचा थर दिलेला मी सकाळी पाहिला, आणि मातीवर एक गोगलगाय, शिंगं आत घेऊन बसलेली. स्प्रिंगचं काय झालं, ते मला माहीत नाही.